मुनीबचा थ्रो

"तुम्ही या माणसाला खाल्लं, साहेब. सावलीत बसून, बिस्किटं मोडता मोडता खाल्लं."

मंडपातल्या रिकाम्या सोफ्याकडं बोट रोखून आदर्शनं हे वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. सोफ्यावर पांढरा टॉवेल अंथरला होता. पुढच्या टेबलावर गुलाबाचा हार होता आणि तो सकाळपासून सुकत चालला होता. पाहुण्यांची वेळ कधीच टळून गेली होती. खेळणाऱ्या पोरी उन्हात आणि न आलेल्या माणसाचा सोफा सावलीत. नायगावच्या मैदानावर हे असंच चालत आलंय आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही.

"हळू," मागून मुनीब म्हणाला. तो खाली बसून पायाला पॅड बांधत होता. "माईक चालू हाय."

"असू दे. त्याच्यासाठीच आलोय मी."

खरंच त्याच्यासाठीच आला होता तो. तालुक्याच्या बेसबॉल स्पर्धेचं आज उद्घाटन होतं. आधी शाळेच्या पोरींचा संघ आणि जुना संघ यांचा मैत्रीचा सामना. जुना संघ म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी लातूरला विभागीय स्पर्धा खेळून आलेला, नायगावातून तिथवर पोचलेला पहिला संघ. तेव्हा सेकंड बेस सांभाळणारा भागवत आता त्याच शाळेत खेळाचा मास्तर होता, तोही कंत्राटी. त्यानं फोन करून सगळ्यांना गोळा केलं होतं. आदर्श वनरक्षक, हिमायतनगरकडं नोकरीला. पाहुणे कोण आहेत हे ऐकल्यावर त्यानं फोनवर एकच अट घातली होती. म्हणाला होता, "येतो. पण माईक मला पायजे."

पाहुणे म्हणजे लातूरला निवड समितीचे प्रमुख असलेले साहेब. त्यांनी राज्याच्या संघात आदर्शला घेतलं आणि कॅचर मुनीबला वगळलं. त्या निवडीच्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातून आदर्शला नोकरी लागली. मुनीबला पोलिसात जायचं होतं. तो फ्रिज-कूलर दुरुस्त करतो.

भागवत फक्कीचा डबा हातात घेऊन पळत आला. पांढऱ्या रेघा मारता मारता त्याचे बूटही पांढरे झाले होते.

"आदर्श, हात जोडतो. तू बोलून जाशील तुझ्या जंगलात निघून. ह्या पोरींची नावं उद्या त्याच साहेबाच्या टेबलावर जाणार हायत. माझी ऑर्डर पण."

"म्हणून गप बसायचं? आपण गप बसलो म्हणूनच हे सोफ्यावर बसले."

"हाव, खरंय तुझं," भागवत म्हणाला आणि मुनीबकडं बघू लागला. अडचण आली की संघातल्या सगळ्यांनी मुनीबकडं बघायचं, ही सवय काही गेली नव्हती.

मुनीबनं पॅडचा पट्टा आवळला. "चल, आधी खेळून घेऊ. सुमनमावशीनं काय दिलंय डब्यात?"

"मुरमुऱ्याची सुशीला. आई तुला कशी विसरंल," आदर्श म्हणाला, आणि नकळत त्याचं रोखलेलं बोट खाली आलं. "तुला वेगळी दिलीय. मिरची जास्तीची."

सामना सुरू झाला. आदर्शनं तेव्हाचेच बूट घातले होते. इतकी वर्षं ते पत्र्यावरच्या पोत्यात पडून होते; आईनं टाकू दिले नव्हते. माऊंडवर, पिचरनं चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, उभं राहून त्यानं पायानं माती उकरली आणि सगळं मैदान त्याला एकदम ओळखीचं वाटलं. शाळेची भिंत, भिंतीपलीकडचं लिंबाचं झाड, रेती भरून शिवलेल्या पोत्यांचे बेस. फक्त नरसिंग सर नव्हते. लिंबाखाली खुर्ची उलटी टाकून बसायचे ते, आणि शिट्टी हरवली म्हणून बोटांनीच शीळ घालायचे. सर जाऊन आता तीन पावसाळे झाले.

सर म्हणायचे, "ह्याच्या हातात आग हाय. तोंडातली तेवढी कुणीतरी विझवा."

तोंडातली कुणालाच विझवता आली नाही. आदर्शचा चेंडू समोरच्या बॅटरला दिसायचा नाही आणि आदर्शची जीभ स्वतःच्या पोरांना सोडायची नाही. एखाद्याच्या हातून झेल सुटला की तो कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघायचा आणि एकच वाक्य बोलायचा. त्या पोराच्या हातून पुढचाही झेल सुटायचा. भागवत तर सेकंड बेसवर उभा राहून देवाला म्हणायचा, बॉल माझ्याकडं धाडू नको. अमरनाथ तर संघ सोडून कबड्डीला निघून गेला. जे राहिले त्यांनी एक रीत पाडून घेतली. आदर्श तापला की चेंडू त्याच्याकडं टाकायचा नाही, मुनीबकडं टाकायचा. मग मुनीब तो चेंडू हातात धरून चालत चालत आदर्शपर्यंत जायचा, त्याच्या तळव्यावर ठेवायचा आणि विचारायचा, "घरी काय केलंय आज?" आदर्श चिडून सांगायचा, "पिठलं." किंवा, "काहीच न्हाई." तेवढ्यात आग उतरायची. अंपायर ओरडायचे, वेळ काढता म्हणून. नरसिंग सर लिंबाखालून हात वर करायचे, चालू द्या.

एवढं सगळं झालं, पण सरांनी सांगितलेली एक गोष्ट आदर्शनं शेवटपर्यंत केली नाही. पहिल्या बेसवरचा रनर दुसऱ्याकडं पळाला की बॅटरच्या मागं बसलेल्या कॅचरनं उठून थेट दुसऱ्या बेसला चेंडू फेकायचा असतो. मधे पिचर असतो, अगदी त्याच रेषेत. म्हणून पिचरनं चटकन खाली बसायचं. सर रोज सांगायचे, "बॉल टाकला की खाली बस."

"मी कुणापुढं खाली बसत न्हाई, सर."

पोरं हसली होती. सर हसले नव्हते. आदर्शची आई सुमनबाई ज्यांच्या शेतात मजुरीला जायची, त्यांच्या ओसरीवर तिच्या सासऱ्याला कधी उभंसुद्धा राहू दिलं नव्हतं, अंगणात उकिडवं बसायला लावायचे. तिनं पोराला एवढंच शिकवलं होतं की कुणापुढं वाकायचं नाही. सरांना ते ठाऊक होतं. ते काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी बोटं तोंडात घालून शीळ वाजवली आणि सराव पुढं चालू केला. त्या दिवसानंतर ती गोष्ट आदर्शला कुणीच सांगितली नाही.

मग लातूर. शेवटचा डाव, पहिल्या बेसवर रनर. तो पळाला. मुनीब उठला, हात कानामागं नेला, आणि चेंडू त्याच्या हातातच राहिला. रनर आरामात दुसऱ्यावर. थोड्या वेळानं पुन्हा एक पळाला, पुन्हा तेच. मधोमध उभ्या आदर्शनं हात पसरले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडला, "ह्याच्या हातात जीवच न्हाई. दुसऱ्या बेसला बॉल पोचत न्हाई ह्याचा."

मंडपात साहेबांनी कपावरून नजर उचलली होती. शेजारच्याच्या कानात काही बोलले होते. बस्स, तेवढंच.

संध्याकाळी नावं वाचली. परतीच्या एसटीत आदर्श समितीला शिव्या घालत आला. ओळखीतलं पोरगं घेतलं म्हणाला, जात बघितली म्हणाला, धर्म बघितला म्हणाला. त्यातलं काही खरं नसेलच असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आपण काय ओरडलो होतो हे मात्र त्याच्या लक्षातही नव्हतं. असली वाक्यं दर सामन्यात त्याच्या तोंडून निघायची आणि घामासारखी वाळून जायची. मुनीब खिडकीशी बसून सुमनबाईनं बांधून दिलेली सुशीला खात होता. आदर्शच्या वाटणीची त्यानं बाजूला काढून ठेवली होती.

"काका, टाका ना बॉल," पहिल्या बेसवरून एक पोरगी ओरडली. रूपाली तिचं नाव, संघात सगळ्यात चपळ.

"काका कुणाला म्हणून राहिली गं?"

"मग काय, आजोबा म्हणू?"

मुनीब मास्कच्या आत हसला. आदर्शनं दात आवळले, हात फिरवला आणि चेंडू सोडला. पुढचा पाय टेकला तसा जुन्या बुटाचा तळवा निम्मा उसवून जिभेसारखा लोंबू लागला. आदर्श तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि तळवा ओढून काढायला खाली वाकला.

रूपाली पळाली.

आदर्शला दिसलं काहीच नाही. मानेवरून वारा कापत काहीतरी गेलं. ओढणी झटकावी तसा आवाज आला आणि लगेच मागं ग्लोव्ह्जमध्ये फट्. तो वाकलेलाच राहिला. मग हळूच वळून बघितलं. सेकंड बेसवर भागवत होता तिथंच उभा होता. ग्लोव्ह्ज गुडघ्याशी, चेंडू आत, आणि रूपाली बेसपासून चांगली हातभर अलीकडं घसरत येऊन त्या ग्लोव्ह्जवर आदळली होती.

रूपाली धूळ झटकत उठली. "मुनीबचाचा, हे आधी सांगायचं ना. मी पळलेच नसते."

कुणी हसलं नाही. जुन्या संघातला प्रत्येक जण कुठंतरी दुसरीकडंच बघत होता.

आदर्श सरळ झाला. त्याच्या हातात बुटाचा तळवा होता.

"हे कवापासून जमायलंय तुला?"

"पहिल्यापासून," मुनीबनं मास्क वर सरकवला.

"मग लातूरला कामून टाकला न्हाईस?"

मुनीबनं कपाळावरचा घाम पुसला. किती वाजले असं कुणी विचारावं आणि त्यानं सांगावं, तसं तो म्हणाला, "लातूरला तू उभा होतास."

आदर्शचा मोकळा हात आपोआप डोक्यामागं गेला आणि कानाच्या पाठीमागच्या हाडावर थांबला. मग तो भागवतकडं वळला.

"तुला ठाऊक होतं?"

भागवत बुटावरची फक्की दुसऱ्या बुटानं पुसू लागला. "समद्यांनाच," तो म्हणाला. "सरांना पण."

तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला. पांढरी गाडी धुळीतून आत आली. मुख्याध्यापक हार घेऊन धावले, पोरींना उन्हात रांगेत उभं केलं, माईकवरून कुणीतरी सन्माननीय, आदरणीय अशी विशेषणं ओतू लागलं. साहेब उतरले, टॉवेल चाचपून सोफ्यावर बसले आणि बिस्किटाच्या बशीकडं त्यांचा हात गेला. इतक्या वर्षांत फक्त केस पांढरे झाले होते. माईक त्यांच्यासमोर उभा होता. आदर्शपासून चालत गेलं तर अगदी जवळ.

आदर्शनं त्या बाजूला बघितलंच नाही.

त्याचे कान लाल झाले होते, नाकपुड्या फुगल्या होत्या. भागवतला हे रूप पाठ होतं. त्यानं चेंडू आदर्शकडं टाकला नाही, त्याच्यावरून मुनीबकडं टाकला. मुनीबनं तो झेलला आणि काही न बोलता चालायला लागला. होम प्लेटपासून माऊंडपर्यंत, तसाच, पाय ओढत, घाई नसल्यासारखा. आदर्श त्याला येताना बघत राहिला. ही चाल त्यानं शेकडो वेळा बघितली होती आणि दर वेळी त्याला वाटलं होतं की हा आळशी आहे.

मुनीबनं चेंडू त्याच्या तळव्यावर ठेवला.

"संध्याकाळी घरी काय करायचंय?"

"जेवणाचं काढू नको, मुन्या." आदर्शचा आवाज चढला नव्हता. तो इतका खाली आला होता की मुनीबला कान पुढं करावा लागला. "इतकी वर्षं मी त्या माणसाला शिव्या घालत हिंडलो. तू ऐकत बसायचास. माझ्याच आईची सुशीला खात ऐकत बसायचास. एकदा तरी म्हणायचं होतं, बस खाली म्हणून. मी बसलो नसतो का?"

मुनीब त्याच्या दुसऱ्या हातातल्या बुटाच्या तळव्याकडं बघत राहिला.

"बसलो नसतो का? जबाब दे."