साखळीचं कडवं

गोदाने गाणं मध्येच थांबवलं आणि पानाला चुना लावायला घेतला.

"आजी, याच्या आधीचं कडवं?" रविनाने पेन वर धरूनच विचारलं.

"ह्येच पह्यलं."

ते पहिलं नव्हतं, हे पोशेऱ्याच्या शाळेच्या ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. गोदा वारली समाजाची धवलेरी, लग्न लावणारी. तिने गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. कुठली नवरी कुठल्या साली पॅसेंजरने आली, तेव्हा गाडीला डबे किती होते, सगळं तिच्या गाण्यांत. घाटाखालच्या सागपाड्याचा थांबा टाळेबंदीत बंद झाला होता आणि त्याचा जुना कागद कुणाकडेच नव्हता. म्हणून थांबा परत मिळवायला रविना मास्तरीण गाडीचा इतिहास गाण्यांतून गोळा करत होती. थांबा सर्वांत जास्त गोदालाच हवा होता. पॅसेंजर तिथे थांबेनाशी झाली आणि खालच्या पाड्यांवरची लग्नंही तिच्या हातून गेली. घरी बसून ती नुसती सुनेवर खेकसायची.

चौकशीला आलेले रेल्वेचे साहेब समजुतीने म्हणाले, "आजी, गाडी पहिल्यांदा तिथे का थांबली, एवढं सांगा. थांब्याचा अर्ज तिथेच अडलाय."

"सांगीन. पन मना धरून नेतील."

"कोण?"

"तुमीच की!"

ओटा हसला. म्हातारी रामी नवऱ्याला, फागूला, कोपराने ढोसत म्हणाली, "सांग गं गोदा. लगीन आमचाच होता."

मग गोदा गायली, आणि कडव्यामागून कडवं सगळं बाहेर आलं. एक लग्न लावून ती पॅसेंजरने दुसऱ्याला निघाली होती. सागपाड्याच्या मांडवात फागू-रामी ताटकळलेले, आणि गाडी पाड्यासमोरून थेट पुढे चाललेली. गोदाने साखळी ओढली. गार्डाने येऊन तिचा हात धरला, तसं मांडवातलं सगळं वऱ्हाड रुळांवर धावलं. धवलेरी नेली तर लग्न कोण लावणार? गार्ड बिचारा एकटा. शेवटी म्हणाला, आधी लग्न लाव, मग धरतो.

"मग धरलं?" साहेबांनी विचारलं.

"ढोल वाजला, त्याचं पाय नाय राहिलं," फागू म्हणाला. "आमच्यापेक्षा तोच जास्त नाचला."

त्यानंतर पाडा आला की ड्रायव्हर आपणहून गाडी हळू करायचे. मागाहून तिथे पाटी लागली.

गोदाचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत लागला होता. रविनाला राहवलं नाही, तिने आजीचा सुरकुतलेला हात दाबला.

साहेबांनी लग्नाचं साल विचारून घेतलं. 'कारण' या रकान्यात 'प्रवाशाची तातडीची गरज' असं नीटस लिहिलं. मान वर न करता पुढचा प्रश्न वाचला, "गाडी किती वेळ उभी होती?"

"लगीन लागून गाडीतलं सगळं प्यासिंजर जेवंपत्तोर," गोदा म्हणाली.

साहेबांचं पेन थबकलं. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, ओठ दाबून धरले, आणि लिहिलं : दोन मिनिटे.