गिरजाबाईंचा विलायती कोट

गोकुळाचा भाऊ घनश्याम नागपुरात रद्दीचा धंदा करायचा. शहाऐंशीच्या दिवाळीला तो कुरखेड्याला आला, तो बहिणीसाठी लुगड्याबरोबर एक पिवळट पाकीटही घेऊन. पाकिटावर बर्फात उभी असलेली गोरी पोरगी होती. तिच्या अंगात मोठ्या कॉलरचा, कमरेखाली छत्रीसारखा फुललेला कोट. आत पतंगी कागदाहून पातळ कागदांची घडी. तिकडच्या बायका म्हणे असले कापलेले नमुने विकत आणतात आणि कापडावर ठेवून पोरींचे कोट शिवतात.

गोकुळा मशीनवर झंपर, परकर शिवायची. कोटाला तिने कधी हात लावला नव्हता. पण ते चित्र पाहिलं आणि तिला दम निघेना. सहा वर्षांच्या लेकीला, गुलाबला, थंडीचं काहीतरी हवंच होतं. तिने पेटीतलं नवंकोरं मरून ब्लँकेट काढलं, तशा सासूबाई, गिरजाबाई, ओसरीवरून ओरडल्या, "काऊन नास करून राह्यली वो?"

"गुलाबचा कोट शिवून राह्यली, आत्याबाई."

"पोरीले कोट! उद्या म्हशीले पायमोजे शिवजो!"

शेजारची चंदाबाई मदतीला आली. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून दोघींनी त्यांच्यावर पळ्या, झारे, वरवंटा असं सगळं मांडलं. पाठीचा कागद हाती आला तर तो अर्धाच.

"विलायतेच्या पोरी अर्ध्याच असतेत काय वो?" चंदाबाईने विचारलं.

झालं! दोघी अशा हसत सुटल्या की टाचण्यांची डबी लवंडली आणि गुलाबला त्या वेचायला बसवावं लागलं. हसू ओसरल्यावर गोकुळाच्या ध्यानात आलं, कापड दुहेरी घडी करून कापलं की पाठ पुरी होते.

ब्लँकेट जाड. सुया मोडल्या, मशीन कण्हली, पण कोट झाला. गुलाबला घातला तर पोरगी दिसेनाशी झाली. बाह्या लोंबकळतायत, घेर जमिनीवर लोळतोय.

"पोरगी कुठी गेली वो?" चंदाबाई म्हणाली.

"इथी हावो मी!" कॉलरच्या आतून आवाज आला.

पाकिटावरचा बाराचा आकडा म्हणजे कागदांची संख्या, असं गोकुळाला वाटलं होतं. तो कोट घालणाऱ्या पोरीच्या वयाचा होता! आता हसावं की रडावं, तिला कळेना.

"आन इकडे," गिरजाबाई उठल्या. "वाया गेला का पाहू दे."

गिरजाबाई म्हणजे चणीने चिमणी. कोट त्यांच्या अंगात असा बसला, जणू माप घेऊनच शिवलेला. त्यांनी कॉलर सारखी केली. हळूच एक गिरकी घेतली. घेर फुलला. मग दुसरी घेतली, जरा जोरात.

तेवढ्यात सासरे उमाजी तलावावरून आले, खांद्यावर जाळं, हातात मासळीची टोपली. अंगणात पाठमोरी कोटवाली पाहून दबकलेच. "पाव्हनी कोन हाये वो, गोकुळा? कोनाची पोरगी?"

गिरजाबाई वळल्या.

उमाजींच्या हातून टोपली सुटली. अंगणभर मासे उड्या मारू लागले, कोंबड्या पळाल्या, गुलाब माशांमागे धावली. गोकुळा पोट धरून खालीच बसली.

"बाप्पा!" उमाजी म्हणाले. "एवढे वर्सं कुठी लपून बसली होतीस?"

"मले थंडी वाजून राह्यली होती, मनून घातला," गिरजाबाई म्हणाल्या. भर दुपार होती आणि त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

कोट काही त्यांच्या अंगावरून उतरला नाही. गोकुळाने वर्तमानपत्रावर नमुना लहान करून उरलेल्या तुकड्यांतून गुलाबला दुसरा शिवला. संक्रांत यायच्या आत आळीतल्या म्हाताऱ्या एकेक ब्लँकेट काखेत मारून दारात हजर. चंदाबाईच्या सासूला तर गळ्याशी झालरही हवी होती.

सगळ्यांचे कोट शिवून झाले, तशा पुढच्या बाजाराला त्या साऱ्या जणी कोट घालून, कॉलरी उभारून, रस्ता अडवून निघाल्या. भाजीवाले तराजू धरून बघत राहिले. मागून गुलाबचा हात धरून गोकुळा चालली होती, आणि हसू दाबायला तिने रिकामी पिशवी तोंडात कोंबली होती.