दुसऱ्या मजल्यावरची खूण

“हात बाहेर काढा की,” दुकानदार म्हणाला. “खिशात हात घालून कॅमेरा कसा बघणार तुम्ही?”

भेगमास्तरांनी डावा हात बाहेर काढला. उजवा खिशातच राहिला, रुमाल मुठीत आवळून.

काउंटरवर दोन कॅमेरे होते. एक कॉम्पॅक्ट, साबणाच्या वडीएवढा. दुसरा मिररलेस, त्या जातीतला सगळ्यात साधा, पण लेन्सचं नाक पुढे काढून असा बसलेला, की जणू आपणच गिऱ्हाईक निवडणार आहोत. मास्तरांच्या खिशात कार्यालयाचं पत्र होतं. जुना कॅमेरा निकामी झाल्यामुळे या दोहोंपैकी एक पसंत करावा, पसंतीचं कारण लिहावं, खाली सही करावी. दोन्हींना मंजुरी होती. मोबाइल नियमात बसत नव्हता, कारण फोटोचं कार्ड दर महिन्याला पाकिटात घालून लाखेने बंद करावं लागे.

“काम काय असतं तुमचं?” दुकानदाराने विचारलं.

“भेगा.”

“म्हणजे?”

“जुन्या इमारतींच्या भिंतींना भेगा पडतात. त्या वाढतात का, ते बघायचं. दर महिन्याला फोटो.”

एकतीस वर्षं भिंतीकडे बघून पगार घेणारा माणूस, असं त्यांचा मेहुणा चारचौघांत सांगे, आणि हिशेबाने ते फारसं चूक नव्हतं. मास्तरांच्या वहीत चारशे बारा भेगा होत्या. प्रत्येकीला क्रमांक, पत्ता आणि स्वभाव. काही बारा-बारा वर्षं गप्प बसत, काही पावसाळ्यापुरत्या कुरकुरत. कामाची पद्धत ठरलेली: जमिनीवर लाल रंगाचा ठिपका, त्यावर टाच. भेगेशेजारी मापाची पट्टी चिकटवायची. फ्लॅश मारायचा नाही. झोताने भेग सपाट दिसते. फोटो झाला की भेग जिथे संपते तिथे पेन्सिलीची आडवी खूण आणि तारीख. फोटो एक वेळ खोटं बोलेल, खूण बोलत नाही, असं ते नव्या लोकांना शिकवत. हल्ली नवे लोक येतच नव्हते, ती गोष्ट वेगळी.

“मग हा छोटा घ्या,” दुकानदार म्हणाला. “म्हाताऱ्या माणसांचा लाडका. हात कितीही हलू दे, आतल्या आत सावरून घेतो. नव्या बापाच्या हातात बाळ आणि माझ्या सासऱ्याच्या हातात चहा, दोन्ही सारखंच हलतं. त्यांनी काढलेले फोटोसुद्धा स्वच्छ येतात.”

मास्तरांनी डाव्या हाताने मिररलेसकडे बोट दाखवलं. “आणि तो?”

“त्याचा डोळा मोठा. अंधारात बारीकसारीक पकडतो. पण या मॉडेलमध्ये हात सावरायची सोय नाही. हललात की पकडले गेलात.” दुकानदार मजेत हसला. “बघा, धरून बघा दोन्ही हातांनी.”

“दोन्ही घेऊन जातो,” मास्तर घाईघाईने म्हणाले. “जागेवर लावून बघतो. पाचच्या आत एक परत.”

दुकानदाराने पत्राचा नंबर टिपला आणि दोन्ही पिशवीत घातले. पिशवी मास्तरांनी डाव्या हाताने घेतली. बाहेर येऊन ते एका बंद शटरला टेकून उभे राहिले आणि खिशातला हात बाहेर काढला. तो आपल्याच नादात हलत होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

आठ महिने झाले होते. आधी फक्त अंगठा, मग मनगट. डॉक्टरकडे ते गेले नव्हते. डॉक्टर नाव सांगेल आणि मग ते नाव सांभाळत बसावं लागेल. घरी कुणाला माहीत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. मात्र बायको हल्ली चहा अर्धाच कप भरून देई आणि थोड्या वेळाने उरलेला अर्धा आणून देई. “अहो, गार होतो ना तुमचा,” एवढंच म्हणे. मास्तरांनी एकतीस वर्षं केसाएवढ्या भेगा हेरल्या. ही त्यांच्या नजरेतून सुटली होती.

त्यांच्या आधीच्या भेगवाल्याची नजर गेली, तेव्हा त्याला कार्यालयाच्या तळघरातल्या भांडारात बसवलं होतं. तिथे तो हेल्मेटं मोजे. वर्षभराने मास्तर भेटायला गेले, तर तो मोजलेलीच हेल्मेटं पुन्हा मोजत होता, आणि कुणी आल्याचं त्याला कळलंही नव्हतं. तेव्हापासून तळघराच्या जिन्याकडे मास्तर पाहत नसत.

आणि या भीतीच्या पोटात दुसरी भीती होती. मागच्या महिन्यात भेग क्रमांक दोनशे सत्त्याऐंशीपाशी त्यांना खूण करता आली नव्हती. पेन्सिल भिंतीवर टेकेना. तीनदा टेकवली, तीनदा नुसतं खरवडल्यासारखं झालं. वरून कुणीतरी उतरत होतं. मास्तरांनी पेन्सिल खिशात घातली आणि वहीत लिहिलं: बदल नाही. फोटोही हललेला आला होता. जुना कॅमेरा बिघडला होताच, त्याच्यावर ढकलता आलं. गेले चार आठवडे ते दोन शब्द त्यांना जेवताना आठवत.

म्हणून आज ते तिथेच गेले.

इमारत तीन मजली, जिना अरुंद, दिवा मंद. दुसऱ्या मजल्याच्या चौकात, जिना वळतो तिथल्या सपाट जागेत, आपल्या दाराबाहेरच एका बाईने शिलाई मशीन मांडलं होतं. आत जागा नव्हती आणि दोन पोरींचा अभ्यास होता. त्यामुळे जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाची खबर तिच्याकडे असे.

“या मास्तर,” ती पायडल न थांबवता म्हणाली. “माझ्या भिंतीची नाडी बघायला?”

“हो ताई. उजेड आहे का जरा?”

“उजेड असता तर चष्मा कशाला लागला असता मला? गेल्या खेपेला पळालात ते. मला वाटलं, भिंत चावली की काय.”

मास्तरांनी भेगेशेजारी पट्टी चिकटवली. त्यांनी लाल ठिपक्यावर टाच टेकवली आणि आधी छोटा कॅमेरा काढला. हात हलला, पण पडद्यावरची भिंत हलली नाही. बटण दाबलं. फोटो आला, आणि मास्तरांना रडू यायचं बाकी राहिलं. एकही रेघ हललेली नव्हती. भिंत शांत, गुळगुळीत, साय धरल्यासारखी. भेग जुन्या खुणेपर्यंत येऊन थांबलेली. पुढे काही नाही.

बदल नाही. त्यांनी तीनदा मोठं करून पाहिलं. मागच्या महिन्याचे दोन शब्द खरे निघाले होते. हा कॅमेरा, ही सही, आणखी दोन वर्षं आणि निवृत्ती.

पण फोटोत त्यांनी आपणच चिकटवलेली पट्टी पाहिली. पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा नव्हत्या. अंधारात त्या छोट्या डोळ्याने बारीक सगळं पुसून, सारवून टाकलं होतं. हाताची थरथर त्याने लपवली होती, आणि त्याच मायेने आणखी काय लपवलं असेल ते सांगत नव्हता.

मास्तरांनी दुसरा काढला. हातात धरून घेतलेले चार फोटो नुसते धुकं आले. पाचवाही.

“ताई,” ते म्हणाले, “तुमचं स्टूल देता? आणि कापडाची एक चळत.”

“स्टूल घ्या. कापड गिऱ्हाइकाचं आहे, डाग नको.” तिने पायडल थांबवलं. मास्तरांचा उजवा हात पिशवीवर होता आणि पिशवी खुळखुळत होती. बाईने ते पाहिलं आणि चळत स्वतःच रचून दिली.

स्टुलावर कापड, कापडावर मिररलेस, दहा सेकंदांचा टायमर. मास्तर दोन पावलं मागे सरले, हात पाठीशी बांधून. त्या दहा सेकंदांत ते भिंतीकडे बघत नव्हते.

कॅमेऱ्याचा आवाज आला. त्यांनी वाकून पडदा पाहिला. पट्टीवरची रेघ न् रेघ होती. शेवटच्या खुणेपासून केसाएवढा एक तडा पुढे गेला होता, वीतभर. तिथून तो वळून खाली उतरला होता, जिथे चौक तोलणारी दगडी लादी भिंतीत शिरते तिथे. आणि लादीच्या कडेने आणखी एक.

ते उठून भिंतीशी गेले. आता कुठे बघायचं ते कळल्यावर नुसत्या डोळ्यांनाही दिसत होतं. त्या लादीवर मशीन होतं, बाई होती आणि आता तेही होते.

“ताई, तिथून उठा. सावकाश. आत जा.”

“काय झालं?”

“आधी उठा.”

ती उठली, उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली. मास्तर भिंतीला पाठ लावून सरकत जिन्याच्या वरच्या पायरीवर आले आणि तिथून त्यांनी कार्यालयातल्या धाकट्या साहेबांना फोन लावला. फोन दोन हातांनी धरावा लागला.

“दोनशे सत्त्याऐंशी. वीतभर गेलीय, लादीत उतरलीय. टेकू पाठवा, आत्ताच. मागचा जिना आहे, त्याने माणसं उतरवतो.”

“मास्तर, मागच्या महिन्यात तर ‘बदल नाही’ असं लिहिलंय ना?”

“ते चुकीचं आहे. लेखी देतो. तुम्ही टेकू पाठवा.”

फोन ठेवल्यावर दाराआडून बाईने विचारलं, “चुकीचं म्हणजे? मागच्या महिन्यात किती होती?”

वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली.

“माहीत नाही,” मास्तर म्हणाले. “मी खूण केली नाही. हात चालला नाही माझा. आणि लिहून टाकलं.”

“पोरी इथंच खेळत बसतात माझ्या,” ती म्हणाली. “शाळेतून आल्या की. या लादीवर.”

मास्तरांनी मान हलवली.

तासाभरात लोखंडी टेकू आले, माणसं मागच्या जिन्याने उतरली, बाईचं मशीन दोघांनी दोरीने ओढून आत घेतलं. लादी तोलून धरल्यावर धाकट्या साहेबांनी मान डोलवली आणि ते वरचा मजला बघायला गेले. मास्तर पायरीवर बसले आणि त्यांनी पत्र मांडीवर ठेवलं. पसंती: मिररलेस. कारण, या शब्दापुढे दीड ओळ जागा होती. अक्षरं भेगेसारखी वाकडी धावली, पण वाचता येत होती: याला बारीक दिसते. माझा हात थरथरतो, सबब कॅमेऱ्याला तीन पायांचे तिकाटणे लागेल, किंवा दुसरा माणूस. सही केली.

मग त्यांनी पेन्सिल काढली आणि टेकूशेजारी परत येऊन उभ्या राहिलेल्या बाईपुढे धरली.

“कशाला?”

“खूण राहिलीय. जिथे संपते तिथे आडवी रेघ. तुमचा हात सरळ आहे.”

राग तिने गिळला नव्हता, बाजूला ठेवला होता, पुढच्या गिऱ्हाइकाच्या कापडासारखा. तिने पेन्सिल घेतली, वाकून रेघ ओढली. एका दमात, पट्टीशिवाय, कापडावर ओढावी तशी.

“तारीख?”

मास्तरांनी सांगितली. तिने लिहिली. मग तिचं बोट वर जुन्या खुणांवरून फिरलं. अकरा खुणा, एकमेकींना चिकटून, मास्तरांचा हात चालत होता तेव्हाच्या अक्षरात. त्यानंतर वीतभर कोरी भिंत.

“आणि मागच्या महिन्याची?”

“ती जागा रिकामी राहू द्या,” मास्तर म्हणाले, आणि पेन्सिल परत घ्यायला त्यांनी उजवा हात पुढे केला.