खुर्चीत आधी आई

मायाने फिरती खुर्ची मागे ओढली आणि आईचा दंड धरून तिला हळूच बसवलं. नवा प्रमुख आला की आधी त्याच्या आई-वडिलांनी खुर्चीत बसायचं, ही त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नागपूर ऑफिसची जुनी रीत. आजवर पुरुषांच्याच आया बसल्या होत्या. पांढऱ्या लुगड्यातल्या भीमाबाई खुर्ची फिरताच दचकल्या आणि जमलेल्या पोरी खळखळून हसल्या.

मायाला हसू फुटेना. या खुर्चीपायी तिने उमेदीची सगळी वर्षं घातली होती, आणि आज सकाळीच बंगळूरच्या मोठ्या साहेबांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, मार्चअखेर नागपूरचं ऑफिस बंद. "लोकांना तुम्हीच सांगा. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा." आधीचे प्रमुख घाईघाईने पुण्याला का पळाले, ते तिला तेव्हा कळलं. मेल्यांना बाईची आठवण झाली ती अशी. वर सोमवारपर्यंत कुणाजवळ तोंड उघडायचं नव्हतं.

"आजी, मॅडमले पाहूनच मी खापा गावच्या स्थळाले नाही म्हटलं," करिष्मा बर्फीचा डबा पुढे करत म्हणाली. या पोरीला मायानेच हाताशी धरून शिकवलं होतं. "बाबा बोलून नाही राहिले माह्याशी. पण पुढची टीम लीड मीच. हो ना मॅडम?"

माया टेबलावरची वायर गुंडाळत राहिली.

भीमाबाईंनी संत्रा बर्फीचा तुकडा उचलला. "माया, तुह्या बाबालेही असंच मुकादम केलं होतं वं गिरणीत. आपल्यातला पहिला मुकादम! साऱ्या वस्तीत पेढे वाटले मी."

"मग, आजी?" करिष्माने विचारलं.

"मग काय, दिवाळीच्या तोंडावर गिरणीच बंद झाली. फाटकावर उभं राहून लोकाईले घरी जा म्हनाचं काम त्याईच्याच..."

भीमाबाई थांबल्या. त्यानंतर वस्तीत बाबांना कुणी चहाला हाक मारली नाही, हे तिथे मायलेकींनाच ठाऊक होतं. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मायाने मान खाली घातली.

"घ्या नं, आजी."

भीमाबाईंनी बर्फी परत डब्यात ठेवली.

"पोरी," त्यांनी हलकेच विचारलं, "ते खाप्याचं पोरगं अजून मोकळंच आहे का वं?"

सगळ्या पोरी पुन्हा हसल्या.