नवव्या रांगेतलं झाकण

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. तुम्ही औषधाच्या दुकानातून आणता तसला नव्हे. मी विमानातला. माझी वाटी पिवळी, पाठीशी पारदर्शक पिशवी आणि शेपटीसारखी लांब नळी. टोंगाटापू बेटावरून ऑकलंडला जाणाऱ्या एका छोट्या विमानात, नवव्या रांगेच्या डोक्यावर, एका चपट्या डब्यात आम्ही तिघे भाऊ घडी घालून पडलेले असायचो. विमानातली हवा विरळ झाली की झाकण आपोआप उघडायचं, आम्ही खाली लोंबकळायचं, कुणीतरी आम्हाला ओढायचं आणि आम्ही त्याला प्राणवायू द्यायचा, एवढंच आमचं काम. ते काम अकरा वर्षांत एकदाही निघालं नाही.

माझे भाऊ झोपून असत. मला झोप येत नसे, कारण मी जळत होतो.

कुणावर, ते सांगतो. आमच्या विमानात लोसालिने नावाची हवाई सुंदरी होती. उड्डाणाआधी ती वाटेत उभी राहून प्रवाशांना एक मास्क दाखवी. तो नमुन्याचा मास्क. त्याची नळी कशालाच जोडलेली नव्हती. त्याच्यात प्राणवायूची फुंकरसुद्धा नव्हती. पण ती त्याला दोन्ही हातांनी उचले, गालाशी नेई, मऊ आवाजात म्हणे, "आधी स्वतःला लावा, मग शेजारच्याला." आणि सत्तर माणसं त्याच्याकडे बघत. मी झाकणाच्या फटीतून बघे.

त्याला हाताचा पाळणा, मला अंधारकोठडी;
त्याला सत्तरांच्या नजरा, मला चार पदरी घडी.

हे मी मनाशी इतक्यांदा म्हटलं, की माझी नळी कडक झाली असेल.

आमच्या झाकणाची खिट्टी झिजून सैल झाली होती. विमान थरथरलं की झाकणही थोडं थरथरे. मी गप्प पडून राहू शकलो असतो. पण मी आतून ढुशा देऊ लागलो. खडखड, खडखड. निदान एकानं तरी मान वर करून बघावं, एवढीच हाव.

एका फेरीत खालच्या प्रवाशानं खरंच मान वर केली.

"बाई, हे झाकण दात वाजवतंय. डोळ्याला डोळा लागेना."

"थंडी वाजत असेल काका त्याला," लोसालिने हसली. "उतरल्यावर सांगते आमच्या मिस्त्रीला. तो पांघरूण घालील."

मिस्त्री म्हणजे सेमिसी. विमान उतरलं तेव्हा परत उडायला दहा मिनिटं होती आणि नवी खिट्टी भांडारात नव्हती. सेमिसीनं झाकण दाबून पाहिलं, पुटपुटला, "संध्याकाळी बघतो रे तुझ्याकडे," आणि खिशातला एक कागद घडी घालून फटीत ठोकून बसवला. खडखड थांबली, माझी फटही बुजली. संध्याकाळी त्याला दुसऱ्या विमानाचं चाक काढावं लागलं. मग आठवडा गेला, मग महिना. अंधारात मला फक्त लोसालिनेचा आवाज येई. ती त्या पोकळ्याला हातात घेऊन बोलतेय हे कळे, आणि मी आणखी जळे.

एका सकाळी माझ्याखाली लुपे नावाच्या आजी बसल्या. खिडकीशी त्यांची लेक आतेलाईते, सहा महिन्यांची गरोदर. "माझा कंगवा तुझ्या डोक्यात खुपसू का? तुझे केस बघ, चक्रीवादळ फिरून गेल्यासारखे," असं आजी म्हणाल्या. लेक म्हणाली, "झोपू दे गं आई."

मग मागे धाडकन आवाज झाला. मागच्या दाराचा रबर फाटला होता. आत पांढरं धुकं दाटलं, कागद, पेले, टोप्या मागे उडाल्या. विमान अठ्ठावीस हजार फुटांवर होतं. प्रत्येक रांगेवर झाकणं फटाफट उघडली. आमचं झाकण बोटभर हललं आणि कागदाला अडून थांबलं.

मित्रांनो, तेव्हा मला हेव्याचा खरा चटका कळला. आठव्या रांगेतले मास्क माणसांच्या तोंडाला लागले होते. दहाव्या रांगेतलेही. माझ्या पिशवीत कुणाचा तरी श्वास असायचा होता, आणि मी दाराआड कोंडलेला.

आतेलाईते खुदकन हसली. हवा कमी पडली की माणसाला उगीचच हसू येतं. तिची नखं निळसर होत चालली होती. विमानाच्या पुढच्या टोकाला, आमच्याकडे तोंड असलेल्या खुर्चीत लोसालिने पट्टा बांधून, मास्क लावून बसली होती. उठणं शक्य नव्हतं. तिनं मूठ वर करून हवेत ठोसे मारले. आजींनी ओळखलं. त्यांनी झाकणाला बुक्की मारली, दुसरी मारली. फटीत कागदाची पांढरी कड दिसली. आजींनी अंबाड्यातला नारळाच्या झावळीच्या हिरांचा कंगवा उपसला, त्याचे दात फटीत घातले आणि दातात अडकलेला मासा काढावा तसा तो कागद कोरून काढला.

आम्ही तिघे खाली पडलो.

आजींचा हात माझ्यावर आला. दुसरी कुठलीही आई असती तर मला लेकीकडे नेलं असतं. आजी क्षणभर थबकल्या. मग त्यांनी मला स्वतःच्या तोंडाला लावलं, खोल श्वास घेतला, आणि हात स्थिर झाल्यावर माझ्या भावाला ओढून लेकीच्या नाकातोंडावर बसवलं, पट्टा घट्ट केला. लेकीची नखं हळूहळू पुन्हा गुलाबी झाली. वैमानिकानं विमान दहा हजार फुटांवर आणलं आणि मागे फिरवलं.

पुढे तपास सुरू झाला. न्यूझीलंडहून ब्रायोनी नावाच्या अधिकारी आल्या. विमानं दुरुस्त करतात त्या हँगरमध्ये टेबलावर त्यांनी फाटका रबर ठेवला, मला ठेवलं आणि तो कागद उलगडला.

"हे आकडे कसले? दाबाची मापं आहेत का?"

लोसालिनेनं कागद पाहिला आणि ती गुणगुणली. "मापं नव्हेत बाई. भजन आहे, आमच्या चर्चचं. आम्ही सूर आकड्यांत लिहितो. ही खर्जाची ओळ." बोलता बोलता ती थांबली. खर्जात गाणारे चारजण, आणि त्यांतला एक तिच्या मागेच हत्यारांची पेटी धरून उभा होता. तिनं मागे पाहिलं नाही. तोंड उघडलं तर त्याची नोकरी जाईल, एवढं तिला कळत होतं.

"पाचव्या ओळीत मी नेहमी चुकतो," सेमिसी पुढे आला. "म्हणून तिथं पेन्सिलची खूण आहे. कागद माझा आहे. मीच ठोकला."

"तरीच त्या रविवारी शेजाऱ्याच्या कागदात मान घालत होतास," लोसालिने हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

ब्रायोनीबाईंनी त्याला खुर्ची दिली. "बसा. मी कुणाला फासावर द्यायला आले नाही. खिट्टी भांडारात का नव्हती आणि तुम्हाला दहाच मिनिटं का होती, ते आधी सांगा."

आजींनाही बोलावलं होतं. "लेक गुदमरत असताना आधी स्वतःला लावायचं, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"मला कुठलं सुचायला?" आजी म्हणाल्या. "ही पोरगी दर वेळी दाखवते ना हातात धरून. मी बघते. बाकीचे घोरतात."

ऐकलंत? ज्याच्यावर मी अकरा वर्षं जळलो, त्या पोकळ मास्कानं आजींचा हात योग्य जागी नेला होता. प्राणवायू माझा, पण शहाणपण त्याचं. आणि माझ्या हेव्यानं मात्र झाकण खडखडवून खडखडवून तो कागद ओढवून घेतला होता. हे मला कुणी विचारलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आता मी त्याच हँगरमधल्या एका कपाटात, चिठ्ठी लावलेल्या पिशवीत असतो. शेजारी तो फाटका रबर. अहवालात त्याला चाळीस पानं आहेत, मला दीड. जुनी खोड, थोडं जळायला होतंच.

पण खरा हेवा वाटतो तो विमानातल्या आजच्या झाकणांचा. सेमिसी अजून नोकरीवर आहे. भांडारात खिट्ट्या असतात, आणि झाकण सैल असेल तर विमान थांबवायचा हक्क आता त्याला आहे. रोज उड्डाणाआधी तो रांगेरांगेतून जातो आणि प्रत्येक झाकणाशी डोकं नेऊन ऐकतो. तसा तो माझ्या झाकणाशी कधी आला नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे पंखा कुरकुरत असेल, सायकल खडखडत असेल, किंवा घरातलं धाकटं उगीच आदळआपट करत असेल, तर गप्प करायला कागद लावू नका. कान लावा.