कालवणापुरता मासा

बोटं इतकी गारठली होती, की गळ आमिषाच्या माकुलात शिरतोय की अंगठ्यात, हे हरीशला डोळ्यांनी बघून ठरवावं लागत होतं. सकाळचे सात वाजले होते. ऑकलंडजवळच्या माराएताई गावच्या धक्क्यावर त्याच्याखेरीज एकच माणूस होता, हेमी. हेमी रिटायर्ड बस ड्रायव्हर. ऊन असो, पाऊस असो, रविवारी तो आपली घडीची खुर्ची टाकून तिथे बसलेलाच असायचा.

"किओरा, ब्रो. आज पण?"

"आज पण," हरीश म्हणाला.

"पाणी अजून कोल्ड आहे. स्नॅपर मासा खाली बसलाय रुसून. स्प्रिंग फक्त कॅलेंडरवर आलाय." एवढं सगळं हेमी अर्थातच इंग्रजीत म्हणाला. हरीशच्या डोक्यात मात्र अलीकडे सगळं मराठीतच उतरायचं. आई सहा महिने घरात होती, त्याचा हा परिणाम.

हा त्याचा सलग नववा रविवार. आठ रविवार तो हात हलवत घरी गेला होता. आई मंगळवारी परत जाणार होती, म्हणजे त्याच्याकडे हा एकच दिवस उरला होता.

मागणं तरी केवढं होतं तिचं! शकुंतलाबाई एप्रिलमध्ये ऑकलंडला उतरल्या त्या गुडघ्यांना पट्टे बांधून आणि आमसुलांची बरणी पोटाशी धरून. एअरपोर्टवरच्या ऑफिसरने बरणी उघडायला लावली, तर त्यांनी ती सरळ त्याच्या नाकाखाली धरली. "वास घे म्हणावं, काही विष नाही." घरी आल्यावर त्यांनी फ्रीजरमधला माशाचा पांढरा तुकडा उचलून पाहिला आणि परत ठेवून दिला. त्याला डोकं नव्हतं, शेपूट नव्हती. असल्या माशाशी बोलायचं कुठून, असा त्यांचा चेहरा झाला होता.

रेवदंड्याला हरीशचे वडील शाळेत क्लार्क होते. रविवारी खाडीवर गळ टाकून बसायचे. त्यांनी आणलेल्या माशाचं आई दुपारी कालवण करायची. विकतच्या माशाचं ती सहसा करायची नाही. तिचा नियम ठरलेला होता. "ताजा मासा कालवणात, शिळा तव्यावर. तिखटमीठ लावून तळला की सगळं झाकलं जातं. कालवणात मासा उघडा पडतो."

दोन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा हरीशचे रेसिडेन्सीचे कागद अडकले होते. बाहेर पडला असता तर परत येता आलं नसतं. तो गेला नाही. आईने त्याबद्दल एक अक्षर कधी काढलं नाही. ईस्ट टामाकीच्या गोदामात, इंजिनियरिंगची डिग्री घेऊन, तो दिवसभर खोक्यांना प्लॅस्टिक गुंडाळतो, हे तिने एकदा गाडीतून जाताना पाहिलं. त्याबद्दलही ती काही बोलली नाही. जुलैमध्ये एकदा भांडी पुसता पुसता एवढंच म्हणाली, "बाबांसारखा एकदा तू पकडून आण रे. मोठा नको. कालवणापुरता एक मिळाला तरी पुरे. म्हणजे मी निवांत जाईन."

निवांत हा शब्द हरीशला लागला. तिला काय जाणून घ्यायचं होतं ते त्याला कळलं. आपला मुलगा इथे नुसता राबतो की थोडा जगतोसुद्धा, एवढंच तिला बघायचं होतं.

म्हणून गराज सेलमधून रॉड आणला. हेमीने शिकवलं. थंड पाण्यात मासा आळसावतो, घाई करायची नाही. आमिष लहान लावायचं, तळाशी सोडायचं, हलवायचं नाही. दोरी बोटावर घेऊन बसायचं, कारण तो ओढत नाही, नुसता चाखतो. आमिषाचं पाकीट बघून आई हसली होती. "माकुल माशांना घालतोस? आपल्याकडे माणसं खातात!"

नऊला हेमी उठला. त्यालाही काही लागलं नव्हतं. "ऊन पडल्यावर उथळ पाण्यात बघ," म्हणाला. "गुड लक फॉर मम."

साडेदहाला दोरीने बोटाला हळूच चिमटा काढला. हरीश श्वास रोखून बसला. पुन्हा चिमटा. तिसऱ्याला त्याने रॉड उचलला आणि पाण्याखाली काहीतरी जिवंत, चिडलेलं, उजवीकडे पळालं. दोन मिनिटांत मासा वर आला. गुलाबी अंग, त्यावर निळे ठिपके. आपल्याकडच्या तांबोशी माशाचा गोरा भाऊच. एकटा असूनही हरीशच्या तोंडून "आई गं!" निघालं.

मग त्याने पट्टीवर ठेवून मोजला. एकोणतीस सेंटिमीटर. कायद्याने ठेवायला तीस लागतात.

पुन्हा मोजला. शेपूट चिमटीत दाबून मोजला. एकोणतीस.

धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. कुणी विचारणार नव्हतं. पण सात वर्षं स्टुडंट व्हिसा, वर्क व्हिसा, मेडिकल, पोलीस सर्टिफिकेट, असं करत काढली की माणूस वेगळाच होतो. पाठीमागे कुणी उभं नसलं तरी त्याला कुणीतरी उभं वाटतं. त्याला प्रामाणिकपणा म्हणायचं की भीती, हे हरीशला ठरवता येत नव्हतं आणि ठरवण्याइतकं त्राणही नव्हतं. त्याने गळ सोडवला आणि मासा पाण्यात ठेवला. क्षणभर मासा तिथेच थांबला. मग गेला.

बारापर्यंत हरीश बसला. मग सामान आवरून निघाला आणि घराकडे वळायच्या ऐवजी ओटाराला गेला.

माशांच्या दुकानात बर्फावर स्नॅपर मांडले होते. त्याने त्यातल्या त्यात चमकदार डोळ्यांचा निवडला. "साफ नको. आहे तसाच द्या," म्हणाला. पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून त्याने तो समुद्राच्या पाण्याच्या बादलीत बुडवला. मग इकडेतिकडे बघून खिशातला गळ काढला आणि माशाच्या ओठातून आरपार घातला. भोक पडलं. रक्त आलं नाही. पस्तिशीला आलेला बाप्या भरदुपारी मेलेल्या माशाला गळ टोचत उभा आहे, हे कुणी पाहिलं असतं तर वेड्यातच काढलं असतं. हरीशला स्वतःची लाज वाटली. पण मंगळवार परवावर आला होता.

दारातच आई उभी होती. बादली बघितली आणि तिचा चेहरा फुलला.

"लागला?"

"लागला!"

तिने मासा सिंकमध्ये घेतला. कल्ले उचलून पाहिले. पोट अंगठ्याने दाबलं. ओठातल्या भोकावर बोट ठेवलं. हरीश पाणी प्यायला लागला.

"इथे लागला होय गळ?" ती म्हणाली. "किती वाजता?"

"साडेदहाला. आधी नुसता चाखत होता. तीनदा चाखलं, मग उचलला. असा उजवीकडे पळाला, आई! दोरी बोटाला कापत होती." सगळं खरं होतं. फक्त मासा दुसरा होता.

"बाबा पण असेच हातवारे करायचे," आई म्हणाली. तिने नळ सोडला. "जा, गरम पाण्याने आंघोळ कर. हात बघ कसे झालेत."

आंघोळ करून हरीश सोफ्यावर टेकला आणि त्याचा डोळा लागला. जाग आली ती चर्रर्र आवाजाने. घरभर लसणाचा वास सुटला होता. त्याची बायको विनिता ड्यूटीवरून आली होती आणि कांदा चिरत होती.

"कालवण ना गं?" त्याने आत जाऊन विचारलं.

आई तव्याकडेच बघत होती. "आमसुलं संपली रे. आणि तुमची ती बाटलीतली चिंच, तिचं मेलं कालवण होतं का? म्हटलं तळूया. कुरकुरीत होतो."

हरीशच्या छातीवरचं ओझं उतरलं. आई फसली होती. आयुष्यात पहिल्यांदा शकुंतलाबाई माशाच्या बाबतीत फसल्या होत्या. त्याला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. ती म्हातारी झाली, असं त्याच्या मनात आलं.

जेवताना तिने डोकं त्याच्या ताटात वाढलं. डोकं नेहमी बाबांना असायचं.

"मस्त झालाय हं, आई," विनिता म्हणाली.

"होणारच. पकडून आणलेला आहे." आईने आपला तुकडा सावकाश संपवला, काटे ताटाच्या कडेला ओळीने लावले. "बाबांच्या तोडीचा आणलास रे. आता मी निवांत जाते."

मंगळवारी एअरपोर्टवर तिला व्हीलचेअरवरून आत नेलं. वळून तिने हात हलवला, तो हरीशला अर्धाच दिसला, कारण मध्ये एक मोठं कुटुंब फोटो काढत उभं होतं. गुडघे असे झालेले, पुन्हा काही ती येणार नव्हती. दोघांनाही ते माहीत होतं.

संध्याकाळी घर रिकामं वाटत होतं. विनिता अजून आली नव्हती. हरीशने चहाचं आधण ठेवलं आणि साखर संपली म्हणून खालच्या कपाटात नवी पिशवी शोधायला लागला. कणकेचा डबा बाजूला केला.

मागे आमसुलांची बरणी होती.

अर्ध्याहून जास्त भरलेली. झाकणावर आईने आपल्या जुन्या पातळाचा तुकडा बांधला होता, दोन गाठी मारून. हरीश तिथेच फरशीवर बसला. आमसुलं संपली नव्हती. कल्ले उचलले तेव्हाच तिला कळलं होतं. ताजा कालवणात, शिळा तव्यावर. त्याचा शिळा मासा तिने झाकला होता, तिखटमीठ लावून, आणि वर त्याच्या बापाच्या वाट्याचं डोकं त्याला वाढलं होतं.

त्याला रडू आलं. त्याने ते आवरलं नाही.

चहाचं पाणी आटून गेल्यावर तो उठला आणि गॅस बंद केला. बरणी तिने ठेवली होती तशीच पुन्हा मागे सरकवली. मग कणकेचा डबा पुढे ओढून ती दिसत नाही ना, हे दोनदा वाकून पाहिलं.