टाकीच्या तळाशी

मित्रांनो, माझा रंग उडालाय, दारं कुरकुरतात, तरी रोज कामावर जाणारी मी एक जुनी डिझेल गाडी आहे. रुग्णालयाच्या चादरी धुलाईला न्यायच्या आणि स्वच्छ करून परत पोचवायच्या, हे माझं काम. बावीस वर्षं मला एकाच चालकाने चालवलं. "हिने मला कधी तोंडघशी पाडलं नाही," असं तो चारचौघांत सांगायचा, तेव्हा मी सुखावायची.

मग त्याच्या घरी सून आली. ती प्रयोगशाळेत नोकरीला होती. उपाहारगृहांतून तळणीचं वापरलेलं तेल आणून ती त्याचं बायोडिझेल बनवायची. "बाबा, धूर कमी होईल. घालून बघू या?" असं तिने विचारलं. मुलाच्या आग्रहाखातर तो हो म्हणाला, पण प्रत्येक डबा हुंगायचा, बोटांवर तेल चोळून पाहायचा. मलाही तो तळकट वास खटकायचा. ही बाई माझ्या पोटात काय ओततेय, कुणास ठाऊक!

तिसऱ्या आठवड्यात रुग्णालयाच्या चढावर मी आचके देत बंद पडले. आत शस्त्रक्रियेच्या चादरी होत्या. मिस्त्रीने फिल्टर काढला, तर तो काळाकुट्ट. "सुनेचं तेल, दुसरं काय," तो म्हणाला. नवा फिल्टर बसवला, चार दिवसांत तोही तुंबला. मुख्य परिचारिकेने बजावलं, "आता उशीर झाला तर दुसरी गाडी लावू."

त्या संध्याकाळी चालकाने सुनेला विचारलं, "मला घरी बसवायचा डाव आहे का तुमचा?"

तिचा चेहरा उतरला. "टाकी उतरवा, बाबा. माझ्यादेखत."

टाकीच्या तळाशी डांबरासारखा गाळ निघाला. तिने एका बरणीत साधं डिझेल घेतलं, दुसरीत आपलं तेल, आणि दोन्हींत गाळाचा एकेक खडा टाकला. सकाळी डिझेलमधला खडा तसाच होता. तिचं तेल मात्र काळं झालं होतं.

"माझं तेल जुना गाळ सोडवतं, तोच फिल्टरमध्ये अडकतो," ती म्हणाली. "आधी टाकी धुवायला हवी होती. तेवढं माझं चुकलं."

"तुझं नाही," चालक हळूच म्हणाला. "आपला मिस्त्री दरवर्षी टाकी धुवायला सांगायचा. मीच टाळत आलो."

मित्रांनो, तो गाळ मला ठाऊक होता. बावीस वर्षं मी तो पोटात वागवला, आणि आळ परक्या पोरीवर येताना गप्प राहिले.

चालकाने टाकी स्वतः धुतली. मग नरसाळं धरून तो म्हणाला, "ओत, बाळा." त्या दिवशी त्याने डबा हुंगला नाही.

तुमच्याकडे एखादी जुनी गाडी असेल, तर तिची टाकी वेळेवर धुवा. आणि ती बंद पडलीच, तर घरात नव्याने आलेल्या माणसाकडे बघण्याआधी वाकून तिच्या तळाशी बघा.